हरवलेल्या मैफलींचा शोध : जॅझमधील काही थेट ध्वनिमुद्रणे

द्वितीय वर्ष बी. ए.

जॅझ या अमेरिकन संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांपुढे एक चमत्कारिक अडचण असते. हे संगीत मुख्यत्वे उपजेचे आहे. गाण्याची चाल आणि तिच्याखालची स्वरसंगती एवढेच आधी ठरलेले असते. बाकी जे घडते ते वादक त्या क्षणी घडवतो. आज रात्री जे वाजले ते उद्या तसेच वाजणार नाही. तेव्हा या संगीताचे खरे घर म्हणजे रात्रीचा क्लब, नाचघर किंवा सभागृह. इतिहास मात्र लिहिला गेला तो बव्हंशी स्टुडिओत भरलेल्या तबकड्यांवरून. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. आपल्याकडच्या जुन्या गवयांनाही याच तीन मिनिटांत ख्याल बसवावा लागे, आणि त्या तबकड्या ऐकून ‘बुवा मैफलीत कसे गात असतील?’ असा प्रश्न पडतोच. जॅझच्या अभ्यासकांनाही नेमका हाच प्रश्न पडत आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीसपस्तीस वर्षांत थोडेथोडे मिळू लागले आहे. कुणाच्या घरातली खोकी, कुठल्या ग्रंथालयातले कपाट, कुणा वादकाच्या पत्नीने जपून ठेवलेली फीत यांतून जुन्या मैफली बाहेर आल्या आणि रीतसर प्रकाशित झाल्या. प्रस्तुत लेखात त्यांतील मोजकीच उदाहरणे घेतली आहेत. संगीत हा माझा अभ्यासविषय नाही, इतिहास आहे. म्हणून स्वरांइतकेच खोक्यांविषयी, त्यांवरच्या चिठ्ठ्यांविषयी आणि पैशांविषयीही येथे लिहिले आहे. वाचकांनी ते चालवून घ्यावे.

प्रथम एका माणसाची हकीकत सांगते. त्याचे नाव बिल सेव्हरी. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत रेडिओ घरोघर पोचला होता आणि हॉटेलांतून, नाचघरांतून मोठमोठ्या बँडांचे वादन रात्री थेट प्रक्षेपित होत असे. प्रक्षेपण झाले की ते हवेत विरले. ते जपून ठेवण्याची गरज बहुतेकांना वाटत नव्हती. सेव्हरी हा न्यूयॉर्कमधला तरुण तंत्रज्ञ. रेडिओचे कार्यक्रम तबकडीवर उतरवून देणाऱ्या एका ठिकाणी तो नोकरीस होता. नोकरीचे काम तो करीच, पण त्याबरोबर स्वतःच्या आवडीचे वादनही उतरवून घेई. बाजारातल्या तबकड्या दहा इंची. याच्या हाताशी मात्र बारा आणि सोळा इंची कोऱ्या तबकड्या होत्या, आणि काही वेळा तो त्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तरऐवजी सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेऱ्यांच्या संथ वेगाने फिरवी. त्यामुळे तीन मिनिटांची भिंत आपोआप मोडली. १९३५ ते १९४१ या काळात त्याने अशा सुमारे हजार तबकड्या जमवल्या.

पुढे सेव्हरीने ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात मोठे नाव कमावले. लाँग-प्ले तबकडी सिद्ध करणाऱ्या कोलंबियाच्या मंडळींत तो होता. बेनी गुडमनच्या रेडिओवरील वादनाचा एक संच त्याच्या तबकड्यांवरून १९५२ साली निघालाही. परंतु उरलेला सारा साठा त्याने घरात ठेवला आणि कुणालाही ऐकवला नाही. सॅक्सोफोनवादक आणि अभ्यासक लॉरेन शोएनबर्ग १९८० च्या सुमारास त्याला भेटले. त्यांना त्या खोक्यांची कुणकुण होती. पुढली जवळजवळ पंचवीस वर्षे ते सेव्हरीला विनवत राहिले आणि सेव्हरी टाळत राहिला. २००४ साली तो वारला. त्यानंतर त्याच्या मुलाचा पत्ता काढून, २०१० साली, हार्लेममधील राष्ट्रीय जॅझ संग्रहालयासाठी शोएनबर्ग यांनी तो सगळा साठा मिळवला. शंभराहून अधिक तासांचे वादन त्यात होते.

सेव्हरीने ते का लपवले असेल यावर तर्क करण्यात मला फारसा रस वाटत नाही. त्याने ते टाकून दिले नाही, एवढे मला पुरे आहे.

या साठ्याची किंमत कळण्यासाठी एकच उदाहरण देते. कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकाने ऑक्टोबर १९३९ मध्ये ‘बॉडी अँड सोल’ या गाण्याची तबकडी भरली. मूळ चाल सुरुवातीला जराशी दाखवून बाकी सगळी उपज. आणि तरीही लोकांनी ती तबकडी डोक्यावर घेतली. जॅझच्या प्रत्येक पुस्तकात तिचा उल्लेख असतो. ती तीन मिनिटांची आहे. सेव्हरीच्या साठ्यात तेच गाणे हॉकिन्सने १९४० साली न्यूयॉर्कच्या एका नाचघरात वाजवलेले सापडले, आणि ते जवळजवळ सहा मिनिटांचे आहे. दोन्ही मी लागोपाठ ऐकली. पहिल्यात तो जणू घड्याळाकडे एक डोळा ठेवून बोलतो आहे. दुसऱ्यात एक आवर्तन संपते, आता थांबेल असे वाटते आणि तो आणखी एक घेतो, मग आणखी एक. ‘लोकांना एवढेच झेपते’ ही तबकडीच्या धंद्यातली समजूत होती. समोर नाचायला आलेली माणसे सहा मिनिटे ऐकत होती, हे आता आपल्याला ठाऊक झाले.

तबकड्या हाती आल्या म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. घरगुती ध्वनिमुद्रणाची त्या काळची तबकडी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर दिलेला लाखेसारख्या रसायनाचा पातळ लेप. त्या लेपात सुईने चर कोरले जात. लेप मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल मिसळलेले असे. वर्षे गेली की ते तेल वर येते आणि तबकडीवर पांढरी भुकटी साचते. तेल गेले की लेप आक्रसतो. पत्रा तर आक्रसत नाही, त्यामुळे लेपाला तडे जातात आणि त्याच्या खपल्या निघतात. खपली निघाली की त्या जागचे सूर कायमचे गेले. म्हणून अशी तबकडी उगाच वाजवून पाहायची नसते. सुईच्या प्रत्येक फेरीबरोबर ती झिजते. आधी ती धुवायची, मग तिच्या चरांच्या रुंदीला जुळेल अशी सुई शोधायची, आणि मग एकदाच, नीट, उतरवून घ्यायची.

सेव्हरीच्या तबकड्या उतरवण्याचे काम डग पॉमरॉय या तंत्रज्ञाकडे होते. साठ्याचा साधारण चौथा हिस्सा उत्तम स्थितीत होता, निम्मा खराब पण वाचवण्याजोगा, आणि उरलेला चौथा हिस्सा फार वाईट अवस्थेत, असा त्या वेळचा अंदाज होता. तुटलेले चर जुळवणे, सुई उडते तेथे हाताने तिला वाट दाखवणे, मग संगणकावर एकेक खरखर वेगळी काढणे, असे हे काम चालते. यात आणखी एक धोका आहे, तो अतिउत्साहाचा. खरखर पूर्ण काढायला गेले तर तिच्याबरोबर झांजेचा आणि श्वासाचा आवाजही जातो. जुन्या मूर्तीला शेंदूर फासून तिचे नाकडोळे बुजवावेत तसे काहीसे होते. चांगला तंत्रज्ञ थोडी खरखर राहू देतो.

यंत्राचा वेग हाही असाच नाजूक भाग. फीत किंवा तबकडी किंचित जलद फिरली तरी सगळे सूर वर चढतात. मूळ वेग कसा ओळखायचा? एक युक्ती मला फार आवडली. विजेच्या तारांचा बारीक घूं आवाज जुन्या ध्वनिमुद्रणात पुष्कळदा शिरलेला असतो. अमेरिकेत वीजप्रवाह सेकंदाला साठ वेळा आवर्तन पुरे करतो. त्या घूंचा सूर साठाच्या हिशेबात बसतो का ते पाहायचे. बसला नाही तर वेग चुकला. म्हणजे ज्या दोषाला त्या काळी तंत्रज्ञाने शिव्या घातल्या असतील, तोच आज साक्षीदार म्हणून उभा राहतो.

सेव्हरी सर्व बँड उतरवीत असे. डीन बेनेडेट्टी याची गोष्ट उलट आहे. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा. चार्ली पार्कर या थोर वादकाने त्याला इतके झपाटले की पार्कर वाजवीत असे त्या क्लबात तो मुद्रणयंत्र घेऊन जाऊ लागला. मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात त्याने तबकड्यांवर आणि १९४८ साली न्यूयॉर्कच्या क्लबांत कागदी फितीवर पार्करला उतरवले. १९५७ साली बेनेडेट्टी इटलीत वारला. त्या ध्वनिमुद्रणांच्या एवढ्या दंतकथा झाल्या की ती खरोखर आहेत यावर पुढे पुढे कुणाचा विश्वास बसेना. १९८८ साली ती त्याच्या भावाकडे मिळाली आणि मोझेइक या कंपनीने १९९० साली सात सीडींचा संच काढला.

तो संच ऐकणे ही एक विचित्र गोष्ट आहे. तबकडी महाग, फीत महाग; म्हणून बेनेडेट्टी यंत्र फक्त पार्करसाठी चालू करी. पार्करचे वाजवणे संपले की खट्कन बंद. त्यामुळे संचात शेकडो तुकडे आहेत, काही मिनिटाभराचे तर काही त्याहूनही लहान. हाय-डी-होमध्ये त्या रात्री हॉवर्ड मॅगी ट्रंपेट वाजवीत होता आणि तरुण हॅम्प्टन हॉज पियानोवर होता. ते दोघे आपले वादन सुरू करतात न करतात तोच कापले जातात. पार्करच्या अभ्यासकाला हा ठेवा अमोल आहे यात शंका नाही. त्याच्या उपजेत रोज रात्री काय बदलत होते ते इथे मोजून पाहता येते. पण भक्ताच्या हातात कात्री असते, हेही इथे दिसते. कुणाला ठेवायचे आणि कुणाला कापायचे हे ऐकणाऱ्याने नव्हे, यंत्राजवळ बसलेल्या माणसाने ठरवून टाकले. इतिहासाच्या पुस्तकात ‘साधनांचा पक्षपात’ असा शब्द येतो. तो वर्गात वाचला तेव्हा नुसता पाठ केला होता. बेनेडेट्टीच्या यंत्राचा ‘खट्’ ऐकला तेव्हा तो समजला.

आता ज्या मैफलीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळते. थेलोनियस मंक हा पियानोवादक आणि रचनाकार. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळते अशा क्लबात वाजवायचे तर पोलिसांकडून मिळणारे एक कार्ड लागे. मंकचे कार्ड १९५१ साली काढून घेण्यात आले आणि ते पुन्हा मिळाले १९५७ साली. मधली सहा वर्षे आपल्याच शहरातल्या क्लबांचे दरवाजे त्याला बंद होते. कार्ड मिळताच फाइव्ह स्पॉट नावाच्या लहानशा क्लबात त्याने वाजवायला सुरुवात केली आणि सॅक्सोफोनवर घेतले जॉन कोलट्रेनला. कोलट्रेन तेव्हा तीस वर्षांचा. त्याच वर्षी माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या बँडमधून काढले होते आणि तो नुकताच हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडत होता. जुलैपासून वर्षअखेरीपर्यंत ही जोडी त्या क्लबात वाजवीत राहिली. तिथे जाऊन आलेल्यांनी त्या रात्रींचे वर्णन करून ठेवले आहे. पण कोलट्रेन एका कंपनीशी करारबद्ध, मंक दुसऱ्या. त्यामुळे या चौघांच्या संचाच्या स्टुडिओतल्या केवळ तीन रचना उरल्या आणि त्याही बाजारात यायला १९६१ साल उजाडले. सहा महिने रोज रात्री घडलेल्या एका घटनेचा एवढाच पुरावा!

१९९३ साली एक थेट ध्वनिमुद्रण प्रकाशित झाले. कोलट्रेनची तेव्हाची पत्नी नाइमा हिने फाइव्ह स्पॉटमध्ये साध्या यंत्रावर ते केले होते. आवाज अगदी अंधुक, पण लोकांना आनंद झाला. पुढे तपासाअंती निघाले की ते १९५७ चे नव्हेच. सप्टेंबर १९५८ मध्ये कोलट्रेन एका रात्रीपुरता मंककडे दुसऱ्या वादकाच्या जागी वाजवायला आला होता, ती ती रात्र. शिवाय फितीचा वेगही चुकला होता. तो नंतर सुधारण्यात आला. म्हणजे सहा महिन्यांचा तो काळ पुन्हा मुका झाला.

आणि मग २००५ सालच्या आरंभी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लॅरी ॲपलबॉम हे तज्ज्ञ जुन्या फिती संगणकावर उतरवीत होते. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीने ग्रंथालयाला दिलेल्या त्या फिती. त्यांत काही खोक्यांवर ‘कार्नेगी हॉल जॅझ १९५७’ असे लिहिलेले होते. एकावर पेन्सिलने ‘टी. मंक’ एवढीच नोंद होती. कोलट्रेनचे नाव कुठेच नाही. फीत फिरू लागली आणि सॅक्सोफोन ऐकताच ॲपलबॉम यांनी तो कोणाचा ते ओळखले. ती मैफल २९ नोव्हेंबर १९५७ ची होती. हार्लेममधील मॉर्निंगसाइड या समाजकेंद्राच्या मदतीसाठी कार्नेगी हॉलमध्ये एक मोठा कार्यक्रम झाला होता आणि त्यात बिली हॉलिडे, डिझी गिलेस्पी, रे चार्ल्स अशी मंडळी होती. मंकचा चमू त्यांतला एक. बासवर अहमद अब्दुल मलिक, ड्रमवर शॅडो विल्सन. नभोवाणीच्या तंत्रज्ञांनी ते उत्तम यंत्रांवर उतरवले होते. क्लबातल्या बशाकपांचा खणखणाट नाही, काही नाही. सुमारे एक्कावन्न मिनिटांचे हे वादन ब्लू नोट कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरात प्रकाशित केले.

याला ‘हरवलेली फीत सापडली’ असे सगळीकडे म्हटले गेले. मला हा शब्दप्रयोग पटत नाही. फीत कुठे हरवली होती? ती सरकारी मालकीची, जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एकात, कपाटात, योग्य थंडाव्यात ठेवलेली होती. हरवले होते ते खोक्यावरचे एक नाव. कुणी तरी घाईत चार अक्षरे खरडली आणि चौघांपैकी एकाचेच नाव लिहिले. तेवढ्यामुळे अठ्ठेचाळीस वर्षे ती मैफल असूनही नव्हती. सूचिकार, ग्रंथपाल, रजिस्टरात नोंद करणारा कारकून यांना आपण कधी कलेच्या इतिहासात जागा देत नाही. माझ्या मते ॲपलबॉम यांची खरी कामगिरी कपाट उघडण्याची नसून कान तयार ठेवण्याची होती. खोक्यावर जे लिहिलेले नव्हते ते त्यांना ऐकू आले.

या ठिकाणी थोडे विषयांतर करते, कारण हा मुद्दा मला घरी कळला. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत त्यांनी एका जुन्या लावणीच्या चालीवर पाचसात मिनिटे जे काही वाजवले, ते तिथल्या कुणी मोबाइलवर घेतले होते. ते फिरत फिरत आमच्यापर्यंत आले. त्यावर मथळा होता नवरदेवाच्या नावाचा. साहजिकच आहे, लग्न त्याचे. पण पन्नास वर्षांनी कुणाला आमच्या तालुक्यातले क्लॅरिनेट ऐकावेसे वाटले, तर तो ते कोणत्या नावाखाली शोधणार? मी वडिलांना मंकच्या खोक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “मग ती रेकॉर्ड विकली, त्याचे पैसे त्या ड्रमवाल्याच्या घरी गेले का?”

हा प्रश्न मी वाचलेल्या कौतुकाच्या लेखांत फारसा आढळत नाही, आणि खरे तर सगळ्या विषयाचा तो कणा आहे. मैफलीचे पैसे वादकाला त्या रात्री मिळतात. फितीचे काय? जॅझमधले बहुसंख्य मोठे वादक कृष्णवर्णीय होते. त्यांच्या वादनावर दुसऱ्यांनी पैसा केला याच्या कहाण्या तबकडीच्या जन्मापासूनच्या आहेत. थेट ध्वनिमुद्रणांत तर रानच मोकळे. रेडिओवरून उतरवलेल्या, क्लबात चोरून घेतलेल्या मैफलींच्या तबकड्या छापून विकणारे पुष्कळ झाले. वादकाला विचारणे नाही, त्याच्या वारसांना कवडी नाही. युरोपात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण अनेक वर्षे पन्नास वर्षांचेच होते; २०११ च्या निर्णयाने ते सत्तर झाले, पण जे आधीच मुदतीबाहेर पडले होते ते पुन्हा आत आले नाही. त्यामुळे १९५० नंतरच्या दशकातले पुष्कळसे उत्तम जॅझ तिथे कुणीही छापावे अशी स्थिती झाली. अमेरिकेत याच्या अगदी उलट गोंधळ. १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे राष्ट्रीय कायद्यातच नव्हती. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. सेव्हरीचा साठा २०१० साली मिळूनही त्यातले पहिले वादन लोकांपर्यंत रीतसर पोचायला २०१६ आणि सहा सीडींचा संच निघायला २०१८ साल लागले, त्यामागे केवळ खपल्या आणि भुकटी नव्हती. एका रेडिओ-कार्यक्रमावर हक्क कुणाकुणाचा? बँडप्रमुखाचा, वादकांचा, गीताच्या कर्त्याचा, प्रक्षेपण करणाऱ्याचा? १९३८ च्या बँडमधल्या तिसऱ्या ट्रंपेटवाल्याची नात आज कुठे असेल? २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने कायदा करून ही जुनी ध्वनिमुद्रणे अखेर राष्ट्रीय कायद्याखाली आणली.

या चोरट्या तबकड्यांशी सू मिंगस या बाईंनी जो झगडा दिला तो सांगण्यासारखा आहे. बासवादक चार्ल्स मिंगस यांच्या त्या पत्नी. मिंगस १९७९ साली वारले. बाई दुकानात जात, नवऱ्याच्या चोरट्या तबकड्या मांडणीवरून उचलत आणि पैसे न देता सरळ बाहेर पडत. चोराचा माल घरी नेण्यास कसले पैसे, असा त्यांचा रोकडा न्याय. पुढे त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड! १९९६ साली मिंगसच्या १९६४ च्या पॅरिसमधील मैफली, ज्या चोरट्यांनी आधीच विकल्या होत्या, त्या बाईंनी या नावाखाली स्वतः प्रकाशित केल्या. याच १९६४ च्या मार्चमध्ये कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या मैफलीची फीतही पुढे त्यांच्याच हाती आली आणि २००७ साली ती ब्लू नोटने काढली. त्या चमूत एरिक डॉल्फी होता; त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आतच तो बर्लिनमध्ये वारला, अवघ्या छत्तीसाव्या वर्षी. एवढ्या अल्पायुषी वादकाच्या बाबतीत एक नवी संध्याकाळ म्हणजे केवढी भर!

सचोटीने हे काम करणारेही आहेत. जॉर्ज क्लॅबिन हा कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या नभोवाणीवर जॅझचा कार्यक्रम करीत असे. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी, बाविसाव्या वर्षी, त्याने परवानगी काढून न्यूयॉर्कच्या एका क्लबात पियानोवादक बिल एव्हान्स याचे वादन उतरवले, ते आपल्या कार्यक्रमात एकदा ऐकवले आणि फिती ठेवून दिल्या. परवानगी एकदाच ऐकवण्याची होती, विकण्याची नव्हती. पुढे त्याने रेझोनन्स नावाची संस्था काढली आणि रीतसर हक्क मिळवून २०१२ साली ती मैफल प्रकाशित केली. चव्वेचाळीस वर्षे थांबणे ही काही लहान गोष्ट नाही. या संस्थेतून पुढे आलेले झेव्ह फेल्डमन आज अशा शोधासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कामात वारसांशी आणि हयात वादकांशी बोलणी आधी, छपाई नंतर. संचासोबतच्या जाड पुस्तिकेत कोण कुठे वाजवत होते याची साद्यंत माहिती असते. मला तर कधी कधी ती पुस्तिकाच जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे वादकाला स्वतःच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने. वरातीतल्या क्लॅरिनेटपर्यंत तो अद्याप पोचल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

जॅझचा आणि आपला संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. १९३५ साली लिऑन ॲबी याचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले, आणि त्यांच्याकडून गोव्याचे वादक हे संगीत शिकले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटवर गाजला. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे आपले रामचंद्र चितळकर, यांच्या चित्रपटसंगीतात त्याचा हात होता. ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटात तर तो पडद्यावरच दिसतो. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथात हा सारा काळ हुडकून मांडला आहे आणि त्यासोबत जुन्या तबकड्यांची एक सीडीही दिली आहे. मात्र तबकडी ती तबकडीच. उत्तररात्री, साहेबलोक थकून घरी गेल्यावर, ही मंडळी आपसात काय वाजवीत असतील ते तीन मिनिटांत कसे कळावे? त्यासाठी कुणी सेव्हरीच हवा.

सापडलेले सारेच छापावे का, हा प्रश्न उरतो. माझे मत असे की छापावे, पण ‘हरवलेली अजरामर कलाकृती’ अशी जाहिरात करून नव्हे. १९६१ च्या उन्हाळ्यात व्हिलेज गेट क्लबात कोलट्रेन आणि डॉल्फी यांना रिच ऑल्डरसन या तंत्रज्ञाने नवी यंत्रणा तपासण्यासाठी एकाच मायक्रोफोनवर उतरवले होते. ती फीत न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडून २०२३ साली प्रकाशित झाली. तीत ड्रमचा आवाज एवढा पुढे आहे की पियानो मधूनमधून बुडून जातो. ही उणीव लपवण्यात काय हशील? मायक्रोफोन जिथे होता तिथे बसलेल्या श्रोत्याला तसेच ऐकू आले असेल.

या बाबतीत मंकच्या त्या कार्नेगी हॉलच्या तबकडीचा नमुना मला आवडतो. रात्रीच्या दुसऱ्या खेळातली शेवटची रचना ‘एपिस्ट्रॉफी’ सुरू होते, रंगू लागते आणि अडीच मिनिटेही होत नाहीत तोच नाहीशी होते. पहिल्या खेळात तीच रचना संपूर्ण वाजलेली आहे. तेव्हा हा तुटका भाग गाळला असता तरी कुणी तक्रार केली नसती. प्रकाशकांनी तो ठेवला आहे, आणि यादीत रचनेच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असे छापले आहे.